फुगला तो पास

हंबीरराव म्हसवाल्याला जन्मात एक गोष्ट कधी जमली नाही. गप बसणं. पेठेत अजून सांगतात, त्याच्या लग्नात अंतरपाट धरला आणि मंगलाष्टकं लांबली, तसा ह्या पठ्ठ्याला दम निघेना. मधल्यामधी मांडवातनं सटकून गोठ्यात गेला, म्हशींना वैरण टाकून आला आणि शेवटच्या 'सावधान'ला परत पाटावर हजर. खोटं वाटत असेल तर भटजींना विचारता आलं असतं, पण भटजी आता राहिले नाहीत.

आपलं ते सगळं पेठेत पहिलं पाहिजे, हा त्याचा दुसरा रोग. म्हैस पहिली होतीच. हरणी तिचं नाव. दिवाळीच्या पाडव्याला हंबीरराव सायकल मारत पुढं आणि हरणी मागं अशी पळायची, की तिची सावली मागं राहायची आणि दिवेलागणीला एकटीच विचारत विचारत गोठ्यात यायची.

पहिली नव्हती ती फक्त त्याची लेक. आज्जीचं नाव ठेवलेलं, चिमणाबाई. पण अंगानं खरंच चिमणी. वारा सुटला की कारभारीण तिच्या परकराच्या ओच्यात मूठभर जोंधळं बांधून शाळेला धाडायची, पोरगी उडून पंचगंगेपल्याड जाऊ नये म्हणून. हंबीरराव रोज सकाळी तिला हरणीच्या कासेखालचं धारोष्ण दूध पाजायचा, वर मिशीला ताव देऊन विचारायचा, "काय, आली का ताकद?" चिमणा मान डोलवायची आणि खोकायची.

"लई दिस झालं ह्या खोकल्याला," कारभारीण म्हणायची.

"थंडीचा हाय. पौष हाय का न्हाई? म्हशी बी खोकत्यात."

त्या पौषात तर अख्ख्या कोल्हापूरचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. अष्टग्रही जवळ आलेली. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असं जो तो ज्याला त्याला सांगत होता. कुणी जप घातले, कुणी उसनं धान्य परत करायचं थांबवलं. अशा दिवसांत एका सोमवारी पेठेतल्या शाळेत पोरांच्या तपासणीचं पथक आलं.

पथकात नर्स होत्या विमलाबाई. पांढरं पातळ, हातात पत्र्याची पेटी, आणि चालणं असं की मागनं कुणीतरी हाकलत असावं. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, उद्या भलतंच गाव. त्यांनी पोरांचे डोळे बघितले, दात बघितले, केसांतल्या उवा बघून नाक मुरडलं आणि मग प्रत्येकाच्या हातावर, कोपराच्या खाली, बारीकशी सुई टोचली. टोचून झाल्यावर टेबलावर पट्टी आपटून म्हणाल्या, "ऐका रे. इथं चोळायचं नाही, खाजवायचं नाही. गुरुवारी मी परत येऊन पट्टीनं मोजणार. ज्याला फुगलं नसेल त्याला दुसरी सुई. ज्याला फुगलं असेल त्याला सुई नाही. कळलं?"

पोरांना कळलं. फार चांगलं कळलं. जो नापास होतो त्याला परत परीक्षेला बसवतात, हे चौथीच्या पोराला कुणी शिकवायला लागत नाही. शाळा सुटायच्या आत पेठभर झालं: फुगला तो पास.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकं तांबे घेऊन आली, आणि तिथं ह्या विषयाला खरी धार लागली. पिराजी म्हसवाला हंबीररावाचा जन्माचा वैरी, म्हणजे रोज त्याच्या शेजारीच बसणारा. त्याचा बाळासो चिमणाच्याच वर्गात.

"खोंड बघताना काय बघतोस?" पिराजीनं धार काढता काढता विचारलं. "वशिंड बघतोस का न्हाई? हे तसंच हाय. अंगात जोर आसंल तर टुमदिशी वर येणार. सरकारनं कायतरी इचार करूनच काढलं आसंल."

"मग येईल की माझ्या पोरीचं."

"तुझ्या चिमणीचं? आरं, टोचलेली सुई पलीकडनं भाईर आली न्हाई हेच नशीब!"

कट्टा हसला. हंबीरराव ताडकन उठला, म्हशीला वळसा घालून परत आला. "लाव पैज! बाळासोपेक्षा चिमणाचं मोठं न्हाई फुगलं, तर तुझ्या म्हशीचा कासरा धरून अख्खी पेठ फिरतो, मर्दा!"

"आन् फुगलं तर मी तुझ्या हरणीचा धरतो. पर धुऊन आण तिला आदी."

त्यानंतर हंबीररावाला चैन कुठली! मंगळवारी सकाळी हात बघितला, सपाट. दुपारी मधल्या सुट्टीत शाळेच्या खिडकीतनं तोंड घालून म्हणाला, "चिमणे, दाव हात!" हेडमास्तर दत्तोपंतांनी त्याला हाकललं. संध्याकाळी हात कंदिलाजवळ धरून बघितला, मग उन्हाचं नीट दिसंल म्हणून उद्याची वाट बघत बसला. बसला म्हणजे उभाच होता.

"पोरीचा हात हाय का गाभण म्हैस हाय, सारखं बघालायसा?" कारभारीण म्हणाली.

बुधवारी सकाळी चिमणा दूध प्यायला आली आणि हंबीररावानं तांब्या खाली ठेवला. हातावर लालभडक गोल उठलेलं. चिंचोक्याएवढं, वर टणक. त्यानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि निघाला. न्हाव्याच्या दुकानात दाखवलं, पिठाच्या गिरणीत दाखवलं, देवळात पुजाऱ्याची आरती थांबवून दाखवलं.

"बघा! आपसूक फुगलंय! माझ्या पोरीनं काय लावलं न्हाय!"

चिमणा खांद्यावर बसून हात वर धरून होती, पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशीसारखी. बापानं तिला अशी मिरवलेली पहिलीच खेप. मधी खोकला आला, तो तिनं ओठ मिटून गिळला.

बाकीच्या पोरांचे हात मात्र सपाट. उद्या दुसरी सुई. पण बाळासो पिराजीचाच मुलगा. त्याचा मामा कोडोलीचा, आणि मामाच्या बांधावर खाजकुयलीचा वेल. शेंगेवरची ती सोनेरी लव एकदा अंगाला लागली की माणूस स्वतःचं नाव विसरतो. बाळासोनं ती काडेपेटीत भरून ठेवलेली होती, मास्तरांच्या खुर्चीसाठी. ती आता लोककल्याणाला लागली. गुरुवारी सकाळी शाळेमागच्या बोळात पोरं रांगेनं उभी राहिली आणि चिमूट चिमूट घेऊन वर्गात गेली.

विमलाबाई पट्टी घेऊन बसल्या. दाराशी आई-बाप उभे. हंबीरराव सगळ्यांत पुढं, एका पायावरनं दुसऱ्या पायावर.

पहिलं पोर आलं. हात लालेलाल, फुगून टम्म. बाईंनी मोजलं. दुसरं आलं, तेही तसंच. तिसऱ्याच्या वेळी बाईंच्या कपाळावर आठी चढली. वर्ग अर्धा झाला तेव्हा त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"सगळ्यांना?" त्या पुटपुटल्या. "अख्ख्या शाळेला?"

दत्तोपंत कोटाची बटणं लावत पुढं आले. "बाई, आमच्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्केच असतो."

"दत्तोपंत," बाई म्हणाल्या, "ह्या निकालाला पेढे वाटत नाहीत. एवढं फुगलं म्हणजे क्षयाचे जंतू त्या अंगात शिरलेत. कुणाच्या छातीत काही झालंय का, ते बघावं लागतं. ज्यांना फुगत नाही ती पोरं कोरी. त्यांना क्षय होऊ नये म्हणून दुसरी सुई देतो आम्ही!"

दारातली माणसं अशी गप झाली की बाहेरच्या टांग्याचा घोडा वळून बघायला लागला. क्षय हा शब्द त्या काळात कुणी घरात उच्चारत नसे. ज्याला होई त्याची थाळी वेगळी होई, त्याच्या बहिणीचं लग्न मोडे.

त्या शांततेत आवाज आला, खर्र खर्र. बाळासो खाजवत होता. मग त्याच्या मागचा खाजवायला लागला. मग बाक हलायला लागले. दत्तोपंतांनी झडप घालून बाळासोच्या खिशातनं काडेपेटी काढली. "काय आहे हे?" म्हणून उघडली, नाकाजवळ नेली, आणि वास घेऊन फूऽऽ करून फुंकर मारली.

पुढचं मी काय सांगावं! दत्तोपंतांचा कोट एकीकडं, टोपी एकीकडं. शिपाई घंटेच्या खांबाला पाठ घासायला गेला, त्यानं घंटा वाजली आणि शाळा सुटली. आई-बाप भिंतीला, पोरं एकमेकांना. विमलाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. मान खाजवत त्या ओरडल्या, "थांबा! ज्यांनी हे लावलं त्यांनी डावीकडं व्हा. रागवणार नाही. पुढच्या फेरीला तुम्हांला नव्यानं तपासीन. ज्यांनी नाही लावलं त्यांनी उजवीकडं. त्यांच्या छातीचा फोटो काढायचा. कुठं आणि कसा, ते मी सांगते."

अख्खा वर्ग डावीकडं गेला. मधे चिमणा एकटी उभी राहिली, हात पुढं धरून. ती बापाकडं बघत होती.

काल खांद्यावरनं मिरवलेला तो हात हंबीररावाला आता बघवेना. तो वर्गात शिरला, गुडघ्यावर बसला.

"चिमणे," त्यानं विचारलं, "तू बी लावलीस न्हवं कुयली?"

चिमणानं आपल्या हाताकडं बघितलं.

"लावली आसशील की गं. समद्यांनी लावलीया. मी मारत न्हाई. लावलीस न्हवं?"

पोरीनं बापाच्या तोंडाकडं निरखून बघितलं. एवढा मोठा बाप, आणि त्याची मिशी थरथरत होती.

"व्हय आबा," ती म्हणाली. "लावली."

"बघा बाई!" हंबीरराव उठून गरजला. "हिनं बी लावलीया!"

"नक्की?" बाईंनी विचारलं. "खोकला वगैरे आहे का हिला?"

"थंडीचा. जाईल की."

बाईंनी चिमणाकडं एकदा नीट बघितलं. पण तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं दोन पोरं रडायला लागली, दत्तोपंत पाण्याच्या हौदात बसलेत अशी बातमी आली, आणि पेटी आवरायची होती. उद्या सकाळच्या गाडीनं पथकाला हातकणंगल्याला जायचं होतं. "बरं. डावीकडं हो," त्या म्हणाल्या.

दारात पिराजी पोटऱ्या खाजवत उभा होता. "काय हंबीरराव! काल आपसूक फुगलंय म्हणालतासा!"

"लबाड निघाली की पोरगी! हरलो मर्दा, हरलो! आण तुझी म्हैस!"

आणि पेठेनं त्या दुपारी जे बघितलं ते पुन्हा कधी बघितलं नाही. हंबीरराव पिराजीच्या म्हशीचा कासरा धरून दारोदार हसत फिरला. न्हाव्यानं टोमणा मारला, तर त्याला टाळी दिली. हरण्यात एवढी गंमत असते हे माहीत असतं तर आधीच हरलो असतो, असं म्हणाला. पण हसताना त्याचे डोळे घराकडं होते, आणि म्हैस तिच्या दाराशी पोचवल्यावर तो चालत आला नाही, पळत आला.

तोवर खाजेनं पेठ व्यापली होती. वाऱ्यानं म्हणा, कपड्यानं म्हणा, कुयली घरोघर शिरली. लोक उंबऱ्यावर पाठी घासत होते. कट्ट्यावरच्या म्हशींनी अंग घासून घासून विजेचा एक खांब वाकवला. तो पुढं कैक वर्षं तसाच होता. अष्टग्रही हीच, असं पुजाऱ्यानं जाहीर केलं.

घरात कारभारीण शेणाचं भगुलं घेऊन चिमणापुढं बसलेली. कुयलीला शेण चोळलं की उतारा पडतो.

"आण हात."

"नगं आई. खाजत न्हाई."

चिमणा पाटीवर पाढे लिहीत होती. डावा हात पाटीवर टेकलेला, लाल गोल वर. तिचा चुलतभाऊ शेजारी लोळून लोळून अंग घासत होता, कारभारीण स्वतः कोपरानं कंबर खाजवत होती, आणि पोरगी शांत. सतरा साती लिहिताना मधी खोकली, पदर नव्हता म्हणून परकरात तोंड घातलं, परत लिहायला लागली.

हंबीरराव दारातच थांबला. मग आत आला, बाहेर गेला, परत आत आला.

"चिमणे, खाजत न्हाई तुला?"

"न्हाई... म्हंजे खाजतंय आबा."

"मग खाजीव की गं," तो म्हणाला. आवाज चिरकला. "खाजीव की जरा!"

चिमणानं लेखणी खाली ठेवली आणि बापाचं मन राखायला भराभरा हात खाजवला. खाजवला तो उजवा.

कारभारणीच्या हातातलं भगुलं खाली आपटलं. हंबीरराव उठून गोठ्यात गेला आणि हरणीच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा बराच वेळ एका जागी.

पहाटे धार काढायला बसला तर हरणी पान्हा सोडेना. जनावराला हात कळतो. त्यानं चरवी बाजूला सारली, घरात जाऊन चिमणाला घोंगडीसकट उचललं आणि सायकलच्या दांडीवर बसवलं.

"कुटं आबा?"

"ठेसनात."

सायकल पेठेबाहेर पडली. आता हरणीला काय ठाऊक? धनी सायकल जोरात हाणतोय म्हणजे पाडव्याची शर्यत. तिनं कासरा तोडला आणि निघाली मागनं. शिवाजी पुतळ्याच्या चौकात हवालदारानं हात दाखवला, तो हात तसाच ठेवून तो बाजूला उडाला. मागं धूळ अशी उठली की दसरा चौकातल्या लोकांनी दिवस उगवायचा रद्द झाला असं समजून परत पांघरुणं घेतली.

"चिमणे," हंबीरराव पायडल मारता मारता धापा टाकत म्हणाला, "खोटं का बोललीस गं?"

"तुमीच म्हणालासा, लावलीस न्हवं, लावलीस न्हवं. तुमचं तोंड लई भ्यालेलं हुतं. मग मी व्हय म्हणालो."

हंबीररावानं पुढं बघत पायडल जोरात दाबलं. सायकल मात्र जरा वाकडी गेली.

फलाटावर गाडी उभी होती. पिराजी तिथंच, दुधाची कॅनं चढवत. दत्तोपंतही होते, अंगभर खोबरेल लावून मिरजेला डॉक्टरकडं निघालेले. आणि पेठेतली निम्मी माणसं, अष्टग्रहीच्या भीतीनं नातलगांकडं चाललेली. हंबीरराव सायकल घेऊन, चिमणा दांडीवर, मागं हरणी, अशी वरात फलाटावर चढली.

"अहो, म्हैस! म्हैस!" तिकीट मास्तर ओरडला.

"तिला बी कळूंद्या!" हंबीरराव डबे धुंडाळत पुढं गेला. बायकांच्या डब्यात खिडकीशी विमलाबाई बसलेल्या, मांडीवर पेटी.

"नर्सबाई! उतरा खाली!"

"काय झालं?"

पिराजीनं कॅन खाली ठेवलं. सगळा फलाट बघायला लागला. हंबीररावाला ते सगळं दिसत होतं. एकेक तोंड ओळखीचं. उद्या ह्यातलं कोण दूध घेईल, कोण घेणार नाही, पुढं पोरीचं लग्न कोण मोडंल, तेही दिसत होतं. एकदा त्यानं मागं बघितलं. मग पोरीचा हात धरून खिडकीपाशी वर केला, आणि गुरासारखा मोठा त्याचा आवाज, तो हळू करायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते त्याला कधी जमलेलंच नव्हतं.

"बाई, आपसूक फुगलंय," तो म्हणाला. "माझ्या पोरीनं काय लावलं न्हाय."

फलाटावर कुणी हसलं नाही. बुधवारी हेच वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं.

विमलाबाई खाली उतरल्या. त्यांनी चिमणाच्या हातावरचा गोल बोटानं चाचपला, पापणी ओढून बघितली, मानेखाली हात घातला. "रात्री घाम येतो?"

"येतो," चिमणा म्हणाली. "आईला सांगितलं न्हाई."

"घाबरायचं नाही. फुगलं म्हणजे आजार झालाच असं नव्हे. फोटोत कळेल. चला, मी येते."

"आन् तुमची गाडी?"

"हातकणंगले कुठं पळून जातंय?" बाई म्हणाल्या आणि गाडी सुटली.

हंबीरराव वळला, तर पिराजी समोर. आता हा काय बोलणार म्हणून त्याच्या मुठी वळल्या. पिराजीनं हात पुढं केला आणि हरणीचा तुटका कासरा धरला.

"पैज मी हरलो न्हवं का," तो खाली मान घालून म्हणाला. "पोरीचंच मोठं हुतं. तू जा. हिला मी घराकडं नेतो." आणि सगळ्या फलाटादेखत तो हरणीला घेऊन चालायला लागला. हरणी मात्र चार पावलं गेली, थांबली, आणि पिराजीलाच ओढत दवाखान्यापर्यंत घेऊन आली.

फोटोत डाग निघाला. लहान होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आणि कच्च्या दुधातनंही हे जंतू शिरतात, दूध उकळल्याशिवाय ह्यापुढं पाजायचं नाही, असंही म्हणाले. त्यावर हंबीरराव भांडायला तोंड उघडत होता, पण विमलाबाईंनी नुसतं बघितलं.

मग सुया सुरू झाल्या. ज्या एका दुसऱ्या सुईला भिऊन पेठ खाजली, त्या सुया चिमणानं उन्हाळाभर, पावसाळाभर घेतल्या. जग काही बुडलं नाही. कट्ट्यावर काही गिऱ्हाइकं तुटली, ती पिराजीकडं गेली; पिराजी त्यांना म्हणायचा, "माझं बी दूध तिथलंच समजा," आणि परत पाठवायचा.

सुई घेताना चिमणा हाताकडं टक लावून बघायची. हंबीरराव बाकावर बसायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, आणि सुई आत शिरताना भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.

"आबा," चिमणा म्हणायची, "बसा की वाईच."

बाहेर फाटकाला बांधलेली हरणी हंबरायची. आणि हंबीरराव, भिंतीकडं बघतच, आपला डावा हात खाजवायचा.